हुकवरचा उपाय स्लाइसला लागू पडत नाही

उजव्या हाताने खेळणाऱ्या गोल्फपटूचा चेंडू हवेत उजवीकडून डावीकडे हलका वळला तर त्यास ड्रॉ आणि डावीकडून उजवीकडे वळला तर फेड म्हणतात. हीच वळणे आवाक्याबाहेर गेली की त्यांचे अनुक्रमे हुक आणि स्लाइस होतात. ग्रिप, म्हणजे क्लब धरण्याची पकड, ‘स्ट्राँग’ की ‘वीक’ हे मुठीच्या जोरावर ठरत नाही. दोन्ही हात दांड्यावर उजवीकडे वळवून धरले तर ती स्ट्राँग होते व आघाताच्या क्षणी क्लबफेस, म्हणजे चेंडूला भिडणारा पृष्ठभाग, मिटू लागतो, तर हात डावीकडे वळवले असता ती वीक होऊन क्लबफेस उघडा राहतो.

बेन होगन या टेक्सासच्या खेळाडूस कारकिर्दीच्या पूर्वार्धात हुकने छळले होते, म्हणून त्याने ग्रिप वीक करून आपला खेळ फेडवर उभा केला आणि १९५३ मध्ये तीन प्रमुख स्पर्धा जिंकल्या. १९५७ मध्ये ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकातून त्याची पद्धत घरोघरी पोहोचली. परंतु सामान्य हौशी खेळाडूचा दोष बहुधा स्लाइस हा असतो, आणि होगनची ग्रिप जशीच्या तशी उचलणाऱ्या अशा खेळाडूचा चेंडू उजवीकडच्या झाडीत आणखी खोल जातो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. ग्रिप बदलायची ती स्वतःच्या दोषाकडे पाहून, आणि तीही सरावाच्या मैदानावर.

एखाद्याच फटक्याला वळण हवे असेल तर ग्रिप तशीच ठेवून उभे राहण्याची दिशा बदलावी. येथेही जुनी शिकवण फसवते. जॅक निकलससारख्या थोर खेळाडूनेही शरीर चेंडू जिकडे निघावा त्या दिशेने आणि क्लबफेस थेट लक्ष्याकडे ठेवण्यास सांगितले होते; पुढे डॉप्लर रडारवर चालणाऱ्या मापनयंत्रांनी दाखवले की चेंडूची आरंभीची दिशा मुख्यतः आघाताच्या वेळच्या क्लबफेसवर अवलंबून असते व वळण हे क्लबफेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातील कोनातून निर्माण होते. त्यामुळे फेडसाठी शरीर डावीकडे वळवून क्लबफेस लक्ष्यावर रोखला की चेंडू जवळजवळ लक्ष्याच्याच दिशेने निघून पुढे उजवीकडे भरकटतो, आणि शरीर पुरेसे वळले नाही असे समजून खेळाडू आणखी डावीकडे वळतो, म्हणजे नेमका तो कोनच वाढवतो. फेडसाठी क्लबफेस लक्ष्याच्या किंचित डावीकडे, पण पावलांच्या रेषेच्या उजवीकडे असावा. ड्रॉसाठी याच्या उलट.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी क्लबफेस इच्छित दिशेला लावावा आणि मगच ग्रिप घ्यावी, कारण ग्रिप घेतल्यानंतर मनगटे फिरवून तो उघडला वा मिटवला तर स्विंगमध्ये हात आपल्या मूळ स्थितीत परततात व केलेला बदल वाया जातो. क्लबफेस मिटवल्याने त्याचा तिरपेपणा, म्हणजे लॉफ्ट, घटून चेंडू कमी उंचीवरून जातो व अधिक घरंगळतो, तर उघडल्याने तो उंच चढून कमी अंतर कापतो. म्हणून ड्रॉला ८ क्रमांकाची आयर्न पुरते तेथे फेडला ७ क्रमांकाची लागू शकते. वेजचा लॉफ्ट मोठा असल्याने तिच्याकडून फारशा वळणाची अपेक्षा नसावी.

ज्याचा चेंडू अजून न सांगताच उजवीकडे पळतो, त्याने तूर्त फेडच्या वाटेला जाऊ नये.