फुटके मशीन

मुंबईत विलेपार्ले नावाचे उपनगर आहे. लोक नुसते पार्ले म्हणतात. हे नाव तुम्ही बिस्किटाच्या पुड्यावर वाचले असेल. ते बिस्किट मूळचे इथलेच. इथला कारखाना 2016 साली बंद झाला, नाव मात्र पुड्यावर राहिले. मास्तरकी संपल्यावर मी इथेच राहतो.

माझी धाकटी बहीण रायगड जिल्ह्यात, माणगावच्या बाजूला राहते. तुमच्यासारखीच ती मोठेपणी लिहायला शिकली. गेल्या उन्हाळ्यात तिने दोन बोकड विकले आणि शिलाईचे मशीन घ्यायचे ठरवले. बायकांची पोलकी, मुलांचे शाळेचे कपडे शिवून चार पैसे मिळतील, असा तिचा विचार. तिच्या मुलाने फोनवरून मशीन मागवले. किंमत 6,400 रुपये. पैसे आधीच भरले.

आठ दिवसांनी खोके आले. पोचवणारा मुलगा घाईत होता. बहिणीने त्याच्या फोनवर बोटाने सही केली आणि खोके घरात घेतले. उघडून पाहते तो चाकाचा तुकडा निखळलेला, आणि खालच्या बैठकीला बोटभर तडा!

"दादा, सही मीच केली ना," ती मला म्हणाली. "आता कुणाला बोलणार? माझंच चुकलं."

वाचकहो, इथेच पुष्कळ लोक गप्प बसतात. पण सहीचा अर्थ काय? खोके मिळाले, एवढाच. आतला माल धड आहे, असे त्या सहीने ठरत नाही. माल विक्रीचा कायदा 1930 सालचा आहे. त्यातसुद्धा असे आहे की, माल तपासायला वाजवी सवड मिळेपर्यंत गिऱ्हाइकाने तो पसंत केला, असे धरत नाहीत.

मी तिला विचारले, "खोकं टाकलंस का?"

"नाही. कोंबड्या ठेवायला ठेवलंय."

"मग कोंबड्या दुसरीकडे ठेव. खोक्याचे, तड्याचे, चाकाचे फोटो काढ. खोक्यावरची चिठ्ठी फाडू नकोस. बिल जपून ठेव."

तोवर भाच्याने एक घोटाळा करून ठेवला होता. कंपनीचा नंबर म्हणून त्याने फोनवर शोधून कुठलासा नंबर लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "पैसे लगेच परत देतो. आधी दहा रुपये भरा, आणि फोनवर आकडे येतील ते सांगा." भाचा आकडे सांगणार, एवढ्यात बहिणीने फोन काढून घेतला. ती म्हणाली, "पैसे देणारा आपल्याकडे पैसे कशाला मागंल?" मी तिला वाचायला शिकवू शकलो असतो, हे शहाणपण मात्र तिचे तिनेच मिळवलेले. असा फसवा फोन आला आणि पैसे गेलेच, तर वेळ न घालवता 1930 या नंबरवर कळवावे. कंपनीचा नंबर हवा असेल, तर जिथून माल मागवला त्याच ठिकाणी किंवा बिलावर पाहावा.

खऱ्या नंबरवर फोन लावला, तेव्हा उत्तर आले, "माल वाटेत फुटला असेल. आम्ही धड पाठवला होता." हे उत्तर चालत नाही. पैसे विकणाऱ्याने घेतले. वाटेत कुणी आपटले, हा त्याचा आणि गाडीवाल्याचा हिशेब. आपल्या दारात आलेल्या पोऱ्यावर ओरडूनही उपयोग नाही. तो बिचारा हमाली करतो.

आपल्या देशात ग्राहक संरक्षणाचा कायदा 1986 साली झाला. त्याच्या जागी 2019 साली नवा कायदा आला. तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्याच महिन्यात ऑनलाइन विक्रीचे नियम निघाले. माल सदोष निघाला, किंवा दाखवला तसा नसला, तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नाही म्हणता येत नाही. अशा कंपनीला तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रार पोचल्याचे कळवायचे आणि एका महिन्यात ती सोडवायची. माल धड आहे, पण रंग आवडला नाही, असे असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कंपनीने आधी सांगितलेल्या अटी पाहाव्या लागतात.

मी बहिणीला म्हटले, "तक्रार तूच लिही. मी सांगणार नाही." तिने वहीच्या पानावर लिहिले, आणि भाच्याने त्याचा फोटो त्या अधिकाऱ्याला पाठवला. मजकूर असा होता:

"मी तुमच्याकडून शिलाईचे मशीन घेतले. 6,400 रुपये भरले. 2 जूनला खोके आले. त्याच दिवशी उघडले. चाक फुटले आहे. बैठकीला तडा आहे. फोटो आणि बिल सोबत आहे. मशीन घेऊन जा. माझे पैसे परत द्या. उत्तर लेखी द्या."

एक-दोन काने-मात्रे चुकले होते. मी दुरुस्त केले नाहीत. तारीख, रक्कम, दोष आणि मागणी, सारे त्यात होते. वकिलालाही याहून जास्त काय लिहायचे असते!

बहिणीला एक शंका होती. "मी तर धंद्यासाठी मशीन घेतलं. मग मी गिऱ्हाईक कशी?" दुकानात पुन्हा विकायला माल घेतला, तर हा कायदा लागत नाही. पण स्वतः कष्ट करून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली, तर तो माणूस ग्राहकच.

पार्ल्यात ग्राहक भवन आहे. मुंबई ग्राहक पंचायतीचे हे ठिकाण. ही पंचायत 1975 साली सुरू झाली. कुटुंबांनी एकत्र येऊन घाऊक भावाने किराणा आणायचा आणि वाटून घ्यायचा, असे तिचे काम. एकटा माणूस दुकानदाराशी भांडायला कचरतो, पण दहा घरे मिळून माल पारखून घेतात. गावात बचत गट असेल, तर तुम्हालाही हे जमेल.

वीस दिवस झाले तरी पैसे आले नाहीत. मग बहिणीने 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मराठीतच बोलली. तिथेही काम झाले नसते, तर जिल्हा ग्राहक आयोग होता. विकणारा दिल्लीकडचा असला, तरी तिला दिल्लीला जावे लागले नसते. आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा करता येतो. तिच्यासाठी ते अलिबाग. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालाला फी नाही. वकील केलाच पाहिजे, असेही नाही. मुदत दोन वर्षांची.

अलिबागला जायची वेळ आली नाही. पुढच्याच आठवड्यात माणूस येऊन मशीन घेऊन गेला. चार दिवसांनी 6,400 रुपये खात्यात जमा झाले.

दुसरे मशीन तिने माणगावच्या दुकानातून घेतले, चालवून पाहून. दुकानदाराने पावतीवर तारीख घातली नव्हती. तिने पावती परत पुढे सरकवली आणि तारीख घालून घेतली.