गाडीचे माप किती खरे?

धान्याच्या व्यापाऱ्यास मापाविषयी कोणी काही शिकवावे अशी गरज नाही, असे आम्ही अनेक वर्षे मानीत आलो. दुकानातील काटा मुदतीत तपासून घ्यावा, वजनांवर शिक्का मारून घ्यावा, पोत्याची तूट वेगळी मांडावी, हा आमचा नित्याचा व्यवहार. परंतु ज्या मापावर आम्ही दरमहा हजारो रुपयांचे भाडे चुकते करतो, त्या गाडीतील मापाची परीक्षा आम्ही कधीच केली नव्हती. ती करण्याचा प्रसंग आला तो एका चुकीमुळे, आणि ती चूक आमचीच होती.

खरेदीसाठी बेळगावहून हुबळी-गदगकडे जावयाचे असले म्हणजे आम्ही एका ओळखीच्या चालकाची मोटार भाड्याने घेतो. भाडे किलोमीटरप्रमाणे. एका फेरीत गाडीतील आकडा ४०८ किलोमीटर भरला. चिरंजीवांच्या मोबाइलवर मात्र ३९२ च नोंदले गेले. आम्ही ३९२ चे पैसे दिले, आणि आणखी चार माणसांदेखत म्हणालो, “मीटर फिरविण्याचा धंदा केव्हापासून?” तो एवढेच म्हणाला, “शेठजी, मीटर मी नाही फिरवत, चाक फिरवतं.” त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही.

त्याच्या त्या वाक्याचा उलगडा पुढे झाला, तो वाचकांपुढे मांडतो.

अंतर मोजण्याची ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात विट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने अशा रथाचे वर्णन केले आहे. चाकाचा परीघ साडेबारा फूट. त्याच्या प्रत्येक फेऱ्यासरशी ४०० दात्यांचे दुसरे चक्र एक दाता पुढे सरके. ४०० फेरे झाले की पाच हजार फूट, म्हणजे एक रोमन मैल पुरा होई आणि एक खडा डब्यात पडे. आजच्या मोटारीतही तत्त्व तेच आहे. गाडी रस्ता मोजीत नाही. ती चाकाचे फेरे मोजते, आणि एका फेऱ्यास किती अंतर धरावयाचे हे कारखान्यात ठरून आलेले असते. जुन्या गाडीत दातेरी चक्रे होती, आता विद्युत्स्पंद मोजले जातात, एवढाच फरक.

म्हणून फेरे बरोबर मोजले गेले तरी चाक लहान झाले की अंतर चुकते. टायरवर १८५/६५ आर १५ असे आकडे असतात. पहिला रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा, बाजूची उंची रुंदीच्या शेकडा किती हे दाखविणारा. तिसरा आतील चक्राचा व्यास, इंचांत. या हिशेबाने त्या टायरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर येतो. त्याऐवजी १८५/६० बसविला तर तो ६०३ होतो. टायर झिजून नक्षी ३ मिलिमीटरने कमी झाली म्हणजे व्यास ५९७. ६२१ ला ५९७ ने भागून पाहावे : शेकडा चार किलोमीटर वाढतात. त्या चालकाच्या गाडीला असेच टायर होते. दुकानदाराने सुचविले, स्वस्त पडले, त्याने घेतले. ३९२ वर शेकडा चार चढविल्यास ४०८ होतात.

वेगमापकाची कथा निराळी आहे. १९०२ साली जर्मनीत ऑटो शुल्झ यांनी ज्याचे पेटंट घेतले, त्या वेगमापकात फिरते लोहचुंबक धातूच्या वाटीस ओढते आणि बारीक स्प्रिंग तिला अडविते. त्या ओढाताणीत काटा जेथे थांबेल तो वेग. तेथे फेरे मोजले जात नाहीत, ओढ मोजली जाते. म्हणून त्यात चूक अधिक. आजही हा आकडा मुद्दाम थोडा चढा ठेवतात. अनेक देशांनी स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या नियम क्रमांक ३९ प्रमाणे वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. अधिक मात्र शेकडा १० आणि वर ४ किलोमीटरपर्यंत दाखविले तरी चालते. खरा वेग ६० असता ७० दिसले, तरी ते नियमात बसते.

आम्ही स्वतः पडताळा घेतला. राष्ट्रीय महामार्गावर दहा किलोमीटरचे दगड मोजले, काटा ६० वर स्थिर ठेवावयास सांगितले, आणि शेजारी बसून वेळ घेतली. दहा मिनिटे लागावयास हवी होती. लागली १० मिनिटे ५० सेकंद. म्हणजे खरा वेग ताशी ५५ च्या किंचित वर. अंतरमापकाने त्याच टप्प्यात १०.४ दाखविले. चूक दोन्हींत, परंतु सारखी नाही : टायरची चूक दोन्हींत आली, वेगमापकातील उरलेली वाढ त्याची स्वतःची.

व्यापारीबंधूंनी यातून इतके घ्यावे. टायर बदलताना कारखान्याने नेमलेलाच आकार घ्यावा. लांबच्या भाड्याचा हिशेब ठरविण्यापूर्वी दहा दगडांवर एकदा पडताळा घ्यावा. एकाच दगडावर विसंबू नये. गाडी प्रतिलिटर किती चालते हे काढतानाही ही शेकडा दोन-चारांची चूक ध्यानात धरावी. टॅक्सीच्या भाडेमीटरास आपल्या काट्याप्रमाणे तपासणी व शिक्का असतो. मोटारीतील अंतराच्या आकड्यावर असा शिक्का नसतो, हे विसरू नये.

त्या दिवशी आम्ही दिलेले पैसे बरोबर होते. आमचे बोलणे खोटे होते. पैशांचा हिशेब तेव्हाच मिटला, शब्दाचा राहिला होता. आम्ही त्याच्या घरी गेलो, आणि ज्या चार माणसांदेखत बोललो होतो, त्यांतील दोघांना बरोबर नेऊन क्षमा मागितली. त्याने चहा दिला. पुढल्या आठवड्यात तो गाडी घेऊन दारात उभा राहिला. टायर नवे, नेमल्या आकाराचे होते. मागील फेऱ्यांचे जादा गेलेले पैसे तो परत देऊ लागला. आम्ही ते घेतले नाहीत. काटा चुकीचा आहे हे दोघांनाही ठाऊक नसता झालेला तो व्यवहार होता.