पाटी आपली, रस्ता सर्वांचा

ग्राहक दुकानाचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच दुकानाची पाटी त्याच्याशी बोलू लागते. व्यापाऱ्याचे नाव, त्याचा व्यवसाय आणि काही प्रमाणात त्याची अभिरुचीही पाटीवरून समजते. म्हणूनच पाटी किती उंच असावी, ती कोठे लावावी आणि तिच्यावर प्रकाश कसा टाकावा, हे कोणी नियमाने ठरवू लागले, की 'माझ्या दुकानावर माझी पाटी. त्यात इतरांचा संबंध काय?' असा प्रश्न व्यापाऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शहराच्या जुन्या, ऐतिहासिक बाजारपेठेत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. तेथे दुकान भाड्याचे असते, इमारत शंभर वर्षांहून जुनी असते आणि नियम मात्र नवे असतात. प्रस्तुत लेखात मुंबईच्या फोर्ट भागातील दादाभाई नौरोजी मार्गाच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार केला आहे.

एका रस्त्याची जडणघडण

या मार्गाचे जुने नाव हॉर्नबी रोड. एकेकाळी तो किल्ल्याच्या तटबंदीच्या आतील एक अरुंद रस्ता होता. १८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली आणि शहराला मोकळा श्वास मिळाला. पुढे रस्ता रुंद झाला व त्याच्या कडेला भव्य दगडी इमारती उभ्या राहू लागल्या. १८९६ मध्ये सरकारी नियमाने असे बंधन घालण्यात आले, की प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग सज्जा ठेवावा. वास्तुशैली प्रत्येकाची वेगळी. कोणी गॉथिक पद्धतीची, कोणी नवअभिजात पद्धतीची इमारत बांधली. कमानींची रांग मात्र सर्वांना जोडणारी. आजही भर पावसाळ्यात किंवा एप्रिलच्या उन्हात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडून हुतात्मा चौकाकडे जाणारा नोकरदार या कमानींखालूनच चालतो.

या नियमाचा अर्थशास्त्रीय आशय लक्षात घेण्यासारखा आहे. प्रत्येक मालकाने स्वतःच्या तळमजल्याची थोडी जागा वाटसरूंना मोकळी करून दिली. वरवर पाहता हा तोटा होता. परंतु सावलीतून चालणारा वाटसरू हाच दुकानाचा ग्राहक असतो. एकट्या मालकाने जागा सोडली असती, तर तिचा उपयोग झाला नसता. सर्वांनी सोडली म्हणून रस्त्याच्या काठाने अखंड बाजारपेठ निर्माण झाली. पाट्यांचा नियम हा याच कराराचा पुढचा अध्याय आहे.

पाट्यांची शर्यत

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कमानींवर पाट्यांची गर्दी झाली. एकावर एक खोकेवजा प्रकाशफलक, रस्त्यावर आडवे आलेले फलक, वरच्या मजल्यांवरील कार्यालयांच्या पाट्या, वातानुकूलन यंत्रे आणि केबल यांच्या आड दगडी कोरीवकाम दिसेनासे झाले. यात कोणा एका व्यापाऱ्याचा दोष नव्हता. शर्यतीचा स्वभावच तसा असतो.

समजा, एका इमारतीच्या तळमजल्यावर दहा दुकाने आहेत आणि प्रत्येकाची पाटी दोन फूट उंचीची आहे. पहिल्या दुकानदाराने चार फूट उंचीची पाटी लावली. तो अधिक दिसू लागला. दुसऱ्यालाही तसे करणे भाग पडले, मग तिसऱ्याला. अखेरीस दहाही पाट्या चार फुटांच्या झाल्या. आता हिशेब मांडू. प्रत्येकाच्या पाटीचे क्षेत्रफळ दुप्पट झाले, म्हणजे पाटीचा व तिच्या विजेचा खर्चही जवळपास दुप्पट झाला. शेजाऱ्याच्या तुलनेत मात्र कोणीही अधिक दिसत नाही. शिवाय वाढलेल्या दोन फुटांनी कमानीचा माथा झाकला. ज्या देखण्या इमारतीमुळे 'त्या कमानींच्या इमारतीत' असा पत्ता सांगता येत होता, ती इमारतच नाहीशी झाली. थोडक्यात, इमारत ही दहाही दुकानांची सामाईक पाटी होती आणि दहा जणांनी मिळून तीच झाकली.

अशा शर्यतीतून एकट्याने बाहेर पडणे परवडत नाही, कारण पाटी लहान करणारा पहिला दुकानदार नुकसानीत जातो. सर्वांना एकाच वेळी लागू होणारा नियम हाच येथे उपाय ठरतो. नियम व्यापाऱ्याच्या विरोधात नसून शर्यतीच्या विरोधात असतो, हे समजले म्हणजे निम्मा विरोध मावळतो.

नियम काय सांगतात

बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५ मध्ये अस्तित्वात आली. एखाद्या भारतीय शहराने वारसा इमारतींबरोबर वारसा परिसरांनाही कायद्याचे संरक्षण देण्याचा हा आरंभीचा आणि महत्त्वाचा प्रयत्न होता. इमारतींची श्रेणी १, २ आणि ३ अशी वर्गवारी करण्यात आली आणि मुंबई वारसा जतन समिती स्थापन झाली. यादीतील इमारतीच्या दर्शनी स्वरूपात बदल करावयाचा असल्यास महानगरपालिका आयुक्तांची परवानगी लागते आणि आयुक्त आवश्यकतेनुसार समितीचा सल्ला घेतात. २०१८ मध्ये लागू झालेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्येही वारसा जतनाची स्वतंत्र तरतूद आहे.

याच पार्श्वभूमीवर १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई महानगर प्रदेश वारसा जतन संस्थेच्या साहाय्याने दादाभाई नौरोजी मार्गावरील पाट्या आणि पथसाहित्य यांचा अभ्यास झाला. जतन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी तो केला. या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे, की सर्व दुकानांना एकाच साच्यातील पाटी सुचविण्यात आली नाही. प्रत्येक इमारतीच्या कमानी, खांब आणि कोरीवकाम पाहून पाटीची जागा व आकार ठरविण्यात आला. त्यामागील तत्त्वे सोपी आहेत:

१. पाटी कमानीच्या पोकळीत किंवा दोन खांबांमधील मोकळ्या पट्टीत बसावी. कमान, कोरीव पट्टी, खांबांचे माथे व कठडे यांवर येऊ नये.

२. पाटीचा आकार इमारतीच्या प्रमाणावरून ठरावा, दुकानदाराच्या उत्साहावरून नव्हे.

३. दुकानाचे नाव आणि व्यवसाय यांना स्थान असावे. पाटीच्या निमित्ताने इतरांच्या मालाची जाहिरात दर्शनी भागावर चढू नये.

४. प्रकाश शक्यतो पाटीवर बाहेरून आणि सौम्य पडावा.

दुकानदार व भोगवटादार यांच्या सहभागातून ही कल्पना प्रत्यक्षात आली आणि २००४ मध्ये या प्रकल्पाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी याच मार्गावरील आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. टर्मिनसचा गौरव वास्तुकलेसाठी होता. रस्त्याचा गौरव शेजाऱ्यांनी मिळून पाळलेल्या शिस्तीसाठी होता, असे म्हणता येईल.

एका पाटीवर अनेक कायदे

वारसा नियम पाटी लहान ठेवावयास सांगतात. इतर कायदे तिच्यावर मजकूर वाढवितात. या दोन्हींचा मेळ घालणे हे व्यापाऱ्यापुढील खरे काम आहे.

महाराष्ट्रात दुकानाचे नाव देवनागरी लिपीत मराठीत असणे बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे बंधन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही लागू झाले. मराठी नाव प्रारंभी असावे आणि त्याची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशी ही तरतूद आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत तिची पूर्तता करण्यास सांगितले होते. वस्तू व सेवा कर नियमांनुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपला नोंदणी क्रमांक प्रवेशद्वाराच्या नामफलकावर दाखवावा लागतो. कंपनी कायदा २०१३ अन्वये कंपनीचे नाव व नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता कार्यालयाबाहेर सुवाच्य अक्षरांत आणि स्थानिक लिपीतही लावावा लागतो. आपल्या बँकेसारख्या संस्थांच्या नामफलकांवर प्रादेशिक भाषा, हिंदी व इंग्रजी असा त्रिभाषा क्रम असतो.

एवढा मजकूर कमानीतील लहान पाटीवर कसा बसवावा? उत्तर सोपे आहे: कायद्याला जे हवे ते लिहावे आणि सवयीने लिहिले जाणारे गाळावे. दूरध्वनी क्रमांक, 'स्थापना', 'शाखा नाही', मालाची लांबलचक यादी, कंपन्यांची बोधचिन्हे यांना पाटीवर स्थान नसले तरी व्यवसाय अडत नाही. नाव ठळक ठेवावे आणि नोंदणी क्रमांक पाटीच्या खालच्या कडेला, वाचता येईल इतक्या आकारात घ्यावा. मालाची माहिती काचेच्या आत मांडावी. नाव दूरवरून वाचले जाण्यासाठी पाटीच्या आकारापेक्षा अक्षर व पार्श्वभूमी यांतील रंगभेद आणि अक्षरांभोवतीची मोकळी जागा अधिक उपयोगी पडते.

व्यापाऱ्यांच्या शंका

जुन्या, नावाजलेल्या दुकानाला लहान पाटी चालेल. नवख्या दुकानाचे काय? ही शंका रास्त आहे. नवख्याजवळ नावलौकिक नसतो, म्हणून त्याला पाटीचा आधार अधिक लागतो. परंतु मोठ्या पाट्यांच्या शर्यतीत ज्याच्याजवळ भांडवल अधिक तोच जिंकतो आणि नवख्याजवळ भांडवलही कमी असते. सर्वांच्या पाट्या एका मर्यादेत आल्या, तर नवख्याचे नाव निदान झाकले जात नाही.

दुसरी शंका वरच्या मजल्यांवरील भाडेकरूंची. वकील, सनदी लेखापाल, दंतवैद्य, आयात-निर्यात करणारे व्यावसायिक यांची कार्यालये रस्त्यावरून दिसत नाहीत. त्यांची पाटी काढली, तर आलेला पक्षकार जिन्यापाशीच गोंधळतो. यावर प्रवेशदालनातील सामाईक नामसूची हा उपाय आहे. त्या सूचीचा खर्च सर्व भाडेकरूंनी वाटून घ्यावा आणि भाडेकरू बदलला की नाव बदलण्याची जबाबदारी एकावर सोपवावी. सूची अद्ययावत नसेल, तर पुन्हा खिडकीखिडकीतून पाट्या डोकावू लागतात.

तिसरी शंका सर्वांत गंभीर आहे: 'मी नियम पाळला आणि शेजाऱ्याने पाळला नाही तर?' वर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, असमान अंमलबजावणीत प्रामाणिक दुकानदारच दंड भरतो. म्हणून एका इमारतीतील सर्व पाट्या एकाच टप्प्यात बदलणे आवश्यक असते. यासाठी इमारतीतील दुकानदारांनी एकत्र बसून एक आराखडा करावा, एकत्र अर्ज करावा आणि शक्य तर एकाच कारागिराला काम द्यावे. यात खर्चही वाचतो.

कर्ज घेण्यापूर्वी, काम काढण्यापूर्वी

दुकानाच्या नूतनीकरणासाठी ग्राहक कर्जाचा अर्ज करतात, तेव्हा अंदाजपत्रकात पाटीची रक्कम असते. परवानगीचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. पाटी लावून झाल्यावर ती उतरवावी लागली, तर कर्जाचा तेवढा भाग वाया जातो आणि हप्ता मात्र चालूच राहतो. म्हणून ऐतिहासिक भागातील ग्राहकांनी पुढील क्रम पाळावा आणि शाखेतील सहकाऱ्यांनीही अर्ज तपासताना तो लक्षात ठेवावा.

प्रथम, इमारत वारसा यादीत आहे काय, असल्यास कोणत्या श्रेणीत आणि परिसर वारसा परिसर आहे काय, हे महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयातून जाणून घ्यावे. दुसरे, जागा भाड्याची असल्यास मालकाचे लेखी संमतिपत्र घ्यावे. तिसरे, इमारतीच्या दर्शनी भागाचे छायाचित्र आणि त्यावर प्रस्तावित पाटीचे मोजमाप दाखविणारे रेखाचित्र तयार करावे. चौथे, परवानगी हाती आल्यावरच कारागिराला आगाऊ रक्कम द्यावी.

पाटी बसविण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. साध्या लोखंडाचे खिळे व बोल्ट मुंबईच्या दमट हवेत गंजतात, गंजताना फुगतात आणि सभोवतालचा दगड तडकवितात. म्हणून न गंजणाऱ्या पोलादाचे बोल्ट वापरावेत. छिद्र दगडात न पाडता दोन दगडांमधील चुन्याच्या सांध्यात पाडावे. जुनी छिद्रे असल्यास त्यांचाच उपयोग करावा. सांधा पुन्हा भरता येतो, तडकलेला दगड सांधता येत नाही.

हे सारे केवळ मुंबईपुरते नाही. १७२७ मध्ये वसविलेल्या जयपूरच्या परकोटातील बाजारांत दुकानांची ओळ आणि तिचा गुलाबी रंग हीच बाजारपेठेची ओळख आहे. अहमदाबादचे जुने शहर २०१७ मध्ये आणि जयपूर २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. अशा प्रत्येक शहरात नियमांचे तपशील भिन्न असतील. परंतु त्यांमागील व्यवहार एकच आहे. इमारतीचे देखणेपण हे कोणत्याही दुकानाच्या ताळेबंदात दाखविले जात नाही, तरीही प्रत्येक दुकान त्याचे व्याज दररोज वापरीत असते. मुद्दल शाबूत ठेवण्यासाठी प्रत्येकाने आपल्या पाटीचे दोन फूट सोडावेत, एवढीच नियमाची मागणी आहे. १८९६ च्या मालकांनी तर आपल्या तळमजल्याची जागा सोडली होती, आणि त्या कमानींच्या सावलीत आजही व्यापार चालू आहे.