‘सोल्ड आउट’ दिसलं तरी घाई करू नकोस

अगं, बस जरा. तिकिटं काही मिनिटांत संपली म्हणून तुझा जीव किती खालीवर होतोय ते दिसतंय मला. त्यात कुणीतरी दुसऱ्या साइटची लिंक पाठवलीय, तेच तिकीट तिप्पट भावात. पैसे भरायच्या आधी माझं ऐकून घे. कार्यक्रमाला जाऊ नको, असं मी मुळीच म्हणणार नाही. आपल्या आवडत्या माणसाचं गाणं हजारोंच्या गर्दीत उभं राहून ऐकावं, या वयात तर ऐकावंच. मला एवढंच सांगायचंय की आज रात्री तिकीट घेऊ नकोस.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले हा बँड आला होता, ते आठवतंय ना? २२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी १२ वाजता बुकमायशोवर विक्री सुरू होणार होती आणि साइटच कोलमडली. मग ती ‘तुमच्या पुढे इतके लाख लोक’ म्हणणारी रांग आली. तिकिटं होती २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत. ती संपली आणि व्हियागोगोसारख्या परदेशी रीसेल साइटवर त्याच कार्यक्रमाच्या तिकिटांचे आकडे लाखांत गेले. बुकमायशोने जाहीर सांगितलं की या साइटशी आमचा काहीही संबंध नाही, आणि पोलिसांत तक्रारही दिली. पण तोवर किती तरी मुलामुलींची झोप उडाली होती.

आता पुढचं बघ, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. त्याच दिवशी तिसरा कार्यक्रम वाढवला गेला, २१ जानेवारीचा. नोव्हेंबरमध्ये अहमदाबादच्या कार्यक्रमाची घोषणा झाली, आणि तिथलं स्टेडियम तर लाखाहून जास्त माणसं मावतील एवढं. २२ नोव्हेंबरला या बँडची नेहमीची स्वस्त तिकिटं निघाली, २,००० रुपयांना एक, जोडीनेच घ्यायची. जागा कुठली ते कार्यक्रमाच्या दिवशी तिकीट हातात पडल्यावर कळणार. जानेवारीत, कार्यक्रमाच्या जेमतेम आठवडाभर आधी, आणखी थोडी तिकिटं अधिकृतपणे विकायला आली. आणि २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर घरबसल्या दिसला. म्हणजे सप्टेंबरच्या त्या रात्री घाबरून जिने लाखभर रुपये मोजले, तिच्यासमोर नंतर एकामागून एक दारं उघडत गेली.

हे नशिबाने होत नाही. मोठ्या कार्यक्रमांत सगळी तिकिटं पहिल्या दिवशी बाहेर काढत नाहीत. प्रायोजकांचा, पाहुण्यांचा वाटा बाजूला ठेवलेला असतो, तो सगळा वापरला जात नाही. स्टेज नेमकं कसं उभं राहणार, ध्वनीची यंत्रणा कुठे येणार हे ठरेपर्यंत काही रांगा अडवून ठेवतात. स्टेज लागलं, तिथून नीट दिसतंय अशी खात्री झाली, की त्या रांगा खुल्या होतात. म्हणून अधिकृत ॲपची सूचना चालू ठेव. शेवटच्या पंधरवड्यात रोज एकदा बघत जा. शिवाय कार्यक्रम जवळ आला की कुणाची परीक्षा येते, कुणाला रजा मिळत नाही, आणि चढ्या भावाने विकायला बसलेल्यालाही कळतं की उद्या हे तिकीट म्हणजे नुसता कागद आहे. भाव बहुतेक वेळा तेव्हाच उतरतो. सगळ्यात जास्त असतो तो विक्री संपल्यानंतरच्या पहिल्या रात्री, कारण आपली भीती तेव्हा सगळ्यात ताजी असते.

रीसेल साइटवर ‘विक्रीला उपलब्ध’ असं लिहिलेलं असलं म्हणजे त्या माणसाच्या हातात तिकीट आहेच, असं नसतं गं. हे मला तुला मुद्दाम समजावून सांगायचंय. पुष्कळ जण तिकीट नसतानाच जाहिरात लावतात. तुझ्याकडून ४०,००० ठरवून घ्यायचे, मग कुठून तरी १०,००० ला मिळालं तर तुला द्यायचं, मधले त्यांचे. नाही मिळालं तर शेवटच्या दिवशी व्यवहार रद्द. साइट फार तर पैसे परत देईल, तेही तिच्या सवडीने आणि तिच्या अटींवर. पण नागपूरहून काढलेलं रेल्वेचं तिकीट, नवी मुंबईत घेतलेली खोली, ऑफिसातून मिनतवारीने मिळवलेली रजा, ते कोण भरून देणार? साइटची कंपनी परदेशात, विकणारा कोण ते माहीत नाही, भांडायचं तरी कुणाशी? शिवाय पहिल्या पानावर दिसणारी किंमत शेवटच्या पानावर तीच राहत नाही, शुल्कं चढत जातात. बाजूला उलटं घड्याळ पळत असतं, ‘इतके लोक आत्ता हेच तिकीट बघताहेत’ असं येत असतं. ते सगळं तुला विचार करायला वेळ मिळू नये म्हणून ठेवलेलं असतं. असं घड्याळ दिसलं की फोन उलटा ठेव आणि पाणी पिऊन ये.

पण मला जास्त काळजी आहे ती इन्स्टाग्राम, टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरच्या ‘दोन तिकिटं आहेत, डीएम करा’ वाल्यांची. कोल्डप्ले आणि दिलजीत दोसांझच्या कार्यक्रमांनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये ईडीने मुंबई, दिल्लीसह पाच शहरांत छापे घातले, तेव्हा खोटी तिकिटं याच मार्गांनी विकली जात असल्याचं पुढे आलं. यांची पद्धत साधी असते. खऱ्या तिकिटाचा स्क्रीनशॉट असतो, तो पाच जणींना विकतात. दारावर पहिली जाते तिचा क्यूआर चालतो, उरलेल्या चौघींना ‘हे तिकीट आधीच वापरलंय’ असं सांगून बाजूला काढतात. चौघींच्या हातातला क्यूआर अस्सलच असतो, म्हणून नुसतं बघून काही ओळखू येत नाही.

विश्वास बसावा म्हणून असा विकणारा ‘हे माझंच’ म्हणत आधारकार्डाचा फोटो पाठवेल. ते बहुतेकदा आधी फसलेल्या दुसऱ्या कुणाचं तरी असतं, आणि तू तुझं पाठवलंस तर पुढच्या मुलीला तुझं जाईल. तेव्हा तुझं आधार कुणालाही पाठवायचं नाही. ‘आधी निम्मे पाठव, तिकीट अडवून ठेवतो’ म्हणाला की बोलणं तिथेच थांबव. पैसे परत देतो म्हणून क्यूआर स्कॅन करायला किंवा यूपीआयचा पिन टाकायला सांगितलं तर लक्षात ठेव, पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. आणि रात्री स्टेडियमच्या बाहेर, गाडीत बसून, एकटीने तिकीट घ्यायला जायचं नाही. या एका गोष्टीवर मी तुझं काही ऐकणार नाही.

कायदा काय करतो, हेही तुला माहीत हवं. रेल्वेच्या तिकिटांचा असा अनधिकृत धंदा करणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हे कलम ऑनलाइन काढलेल्या तिकिटांनाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ ला स्पष्ट केलं. दुसऱ्याच दिवशी आपल्या मुंबई उच्च न्यायालयासमोर मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांचा ऑनलाइन काळाबाजार रोखण्यासाठीची जनहित याचिका होती. नियम करणं हे विधिमंडळाचं आणि सरकारचं काम आहे, असं म्हणून न्यायालयाने ती फेटाळली. मला हे मनापासून खटकतं. आयर्लंडने २०२१ मध्ये कायदा करून मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकायला बंदी घातली. आपल्याकडेही तसं व्हायला हवं. विधिमंडळाने हे हाती घ्यावं असं मला फार वाटतं, कारण यात भरडली जाते ती पहिल्या पगारातून तिकीट काढणारी मुलगी.

तोवर दुसऱ्याकडून घ्यायचंच असेल, तर आयोजकाच्या किंवा अधिकृत ॲपच्या आत तिकीट नावावर करून देण्याची सोय आहे का ते आधी बघ. असेल तर तिथूनच घे, म्हणजे जुना क्यूआर रद्द होऊन तुझ्या खात्यात नवा येतो. तशी सोय नसेल तर ओळखीच्याच माणसाकडून घे, आणि जमलं तर त्याच्याबरोबरच आत जा. दारावर नुसतं तिकीट चालतं की मनगटी पट्टा लागतो, हे अटींमध्ये वाच. पट्टा कुरिअरने घरी येत असेल तर नुसत्या स्क्रीनशॉटला काहीच किंमत नाही. पैसे शक्यतो क्रेडिट कार्डाने दे. तिकीट मिळालं नाही तर बँकेकडे तो व्यवहार अमान्य करून दाद मागता येते. अनोळखी माणसाच्या यूपीआयवर गेलेल्या पैशांना तसा आधार नसतो. आणि स्वतःसाठी एक रक्कम आधीच वहीत लिहून ठेव, तिच्यापुढे जायचं नाही. ती ठरव दिवसा, शांतपणे.

इतकं करूनही फसलीस, तर गप्प बसू नकोस. घरी काय म्हणतील, मैत्रिणी हसतील, म्हणून मुली आठवडाभर कुणाला सांगत नाहीत आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून नाहीसे होतात. पहिल्या तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर, व्यवहाराचा क्रमांक आणि सगळे स्क्रीनशॉट जवळ ठेव. लवकर कळवलं तर बँका ती रक्कम पुढच्या खात्यात अडवून धरू शकतात. मग मला फोन कर. मी रागावणार नाही. आईला मी सांगेन.

आणि उद्या तुलाच जाता आलं नाही, तुझ्याकडे जास्तीचं तिकीट उरलं, तर कितीही भाव चढलेला असू दे, छापील किमतीलाच दे. एवढं माझं ऐक.