लोणारच्या पाण्यात तरंगता येते का?

प्रश्न : वाळवंटातल्या खाऱ्या तळ्यांत माणूस न पोहता तरंगतो, असे पाहिले. लोणारलाही तसेच होते का? नागपूरहून अर्ध्या दिवसात, आईला (वय ६८) घेऊन जाऊन येता येईल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तरंगण्याचा बेत सोडा. मृत समुद्रात सुमारे ३४ टक्के क्षार असतात. लोणार त्या मानाने बरेच सौम्य. इथली खरी गोष्ट खारटपणाची नाही, सोड्याची. सामू दहाच्या आसपास, म्हणजे पाणी बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागते. डोळ्यांत गेले तर चांगलेच झोंबेल. शिवाय हे अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही. पाण्यात उतरू नकाच.

अर्धा दिवस लोणारात पुरतो, नागपूरहून नाही. समृद्धी महामार्गाने मेहकरपर्यंत येऊन पुढे लोणार गाठायला चारेक तास लागतात. मुक्काम करा. सकाळी वाटाड्या घेऊन विवरात उतरा. वर येताना उन्हात दम लागतो. आईंना काठावरून विवर दाखवा, मग गावातले दैत्यसूदन मंदिर. त्यातले कोरीवकाम, माझ्या मते, सरोवराइतकेच पाहण्याजोगे. पावसाळ्यानंतर खालची वाट पाण्याखाली असू शकते, आधी वनखात्याकडे विचारा. गुलाबी पाण्याची आशा मात्र धरू नका. जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे दिसलेला तो रंग नेहमीचा नव्हे.