पडद्यावरचा वकील

मागच्या धड्यात आपण सातबारा वाचायला शिकलो. गट नंबर, क्षेत्र, खातेदाराचे नाव. उतारा हातात घेऊन पुष्कळांनी आपले नाव शोधले असेल. पण नाव सापडलेच नाही तर?

समजा, एका बाईचा नवरा वारला. पदरात दोन लेकरे. सासऱ्यामागे जमीन दोघा भावांच्या नावावर लागली होती. दिवसकार्य आटोपले आणि महिन्याभराने धाकटा दीर एक कागद घेऊन आला.

"वहिनी, इथं सही करा. वारसाची नोंद करायचीय, बाकी काही नाही."

बाईला आता सही येते. पण सही येणे निराळे आणि कागद वाचून सही करणे निराळे. तिने कागद घेतला. एकेक अक्षर लावले. वर मथळा होता, 'हक्कसोडपत्र'.

"भावजी, कागद राहू द्या माझ्याकडं. दोन दिवसांनी सांगते."

या दोन दिवसांत तिने कोणाला विचारावे? तालुक्याला वकील आहेत. पण जायचे म्हणजे रोज बुडतो, एसटीचे भाडे पडते, वकिलाची फी निराळीच. शिवाय गावात बोभाटा होतो की ही कोर्टात निघाली. म्हणून कितीतरी बाया सही करून मोकळ्या होतात. जमीन जाते ती अशी, गुपचूप.

या अडचणीवर केंद्र सरकारने २०१७ साली एक सोय काढली. तिचे नाव टेली-लॉ. टेली म्हणजे दुरून आणि लॉ म्हणजे कायदा. ज्या सीएससी केंद्रात आपण दाखले काढतो, बिले भरतो, तिथेच संगणकाच्या पडद्यावर वकील भेटतो. आपण गावात, तो शहरात. तो आपल्याला दिसतो, आपण त्याला दिसतो. ही सोय आपल्या केंद्रात आहे का, ते आधी विचारावे. १४४५४ या नंबरावर फोन केला तरी चालते. सुरुवातीला काही लोकांना तीस रुपये पडत. २०२२ साली सल्ला सर्वांनाच मोफत केला. तेव्हा कोणी वकिलाच्या नावाने पैसे मागितले, तर "पावती द्या" म्हणावे.

केंद्रात आपले नाव आणि अडचण लिहून घेतात. मग वेळ ठरते. त्या वेळी वकील पडद्यावर येतो. नेट कच्चे असेल तर चित्र गोठते, मग फोनवरच बोलायचे. सल्ला तोच मिळतो. पण पडद्यावर कागद दाखवता येतो, हा मोठा फायदा. दिसत नसेल तर मथळा आणि शेवटच्या ओळी मोठ्याने वाचून दाखवा.

बोलायला स्वतः बसा. दीर, पोलीसपाटील, शेजारी अशी फौज नेऊ नका. भरवशाचे एक माणूस पुरे. केंद्रचालक गावचाच असतो. "दादा, जरा बाहेर थांबता का?" असे त्याला सांगायला लाजू नका. आणि आपल्या विरुद्ध जाणारी गोष्टही सांगा. नवऱ्याने भावाकडून पैसे घेतले होते का? आधी कुठे अंगठा दिला आहे का? हे लपवले तर वकील अर्ध्या माहितीवर सल्ला देईल, आणि तो आपल्याच अंगलट येईल.

आता त्या बाईचे बोलणे कसे होईल, ते पाहू.

"साहेब, सातबारावर माझं नाव नाही. माझा हक्क गेला का?"

"नाही, ताई. सातबारावरची नोंद महसुलासाठी असते. नोंद नाही म्हणून हक्क जात नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या हिश्श्याला बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई हे वारस असतात. सासूबाई आहेत का?"

"आहेत."

"मग त्यांचाही वाटा आहे. तुमच्याएवढाच."

हे ऐकून बाईचे तोंड उतरेल. पण खरे ते ऐकलेले बरे.

"आणि ह्या कागदाचं काय करू?"

"सही करू नका. हक्कसोडपत्र म्हणजे आपला हिस्सा सोडून देणं. वारसनोंदीला ते लागत नाही. लेकरं अठराच्या आतली आहेत. त्यांचा हिस्सा तर कोर्टाच्या परवानगीवाचून तुम्हालाही सोडता येत नाही. मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडं वारसनोंदीचा अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घ्या. तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं."

पडद्यावरचा वकील सल्ला देतो. तो आपल्यासाठी कोर्टात उभा राहत नाही. खटल्याची वेळ आली, तर तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, तिच्याकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे तिथे फुकट वकील मिळतो. बाईमाणसाला तर कमाई किती, हे विचारतच नाहीत. मुले, अपंग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतले कैदी यांनाही तो हक्क आहे. त्यासाठी फोन नंबर १५१००.

एक सावधगिरी मात्र हवी. पडद्यावर चोरही येतात. अंगात पोलिसाचा नाहीतर वकिलाचा पोशाख घालून ते आपण होऊन फोन करतात. "तुम्हाला अटक केलीय, पैसे पाठवा" म्हणतात. व्हिडिओवर अटक करायचा कायदाच नाही. फोन बंद करा आणि १९३० वर कळवा.

केंद्रात जाण्याआधी घरी एक चिठ्ठी लिहा. समोर पडदा दिसला की माणूस गांगरते, निम्मे बोलायचे राहून जाते. त्या बाईची चिठ्ठी अशी होईल :

नवरा वारला, त्याची तारीख.
जमिनीचा गट नंबर. दोघा भावांच्या नावावर.
दीर हक्कसोडपत्रावर सही मागतात. मी केलेली नाही.
विचारायचे : नोंद कशी लावू? काय कागद लागतील?

आता वहीच्या नव्या पानावर तुमच्या घरच्या एखाद्या अडचणीची अशीच चिठ्ठी लिहा. खाली चार ओळी कोऱ्या सोडा. वकील जे सांगेल, ते तिथे लिहायचे आहे.