१०८ची नोकरी : मुक्काम की थांबा?

प्रश्न : मुलगी बीएएमएस झाली आहे. १०८ रुग्णवाहिकेवर रुजू व्हावे म्हणते. यात आयुष्य काढता येते, की ही तात्पुरती सोय? (एक पालक, पौड, ता. मुळशी)

उत्तर : राज्यात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. गाडीवर डॉक्टर असतो, आणि बीएएमएस पदवीधरांचा त्यात मोठा भरणा आहे.

काम अंगमेहनतीचे. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात दुचाकी घसरली, की धुक्यात जखमीच्या मानेला कॉलर चढवायची, मोडलेला पाय फळीला बांधायचा; मग वळणावळणावर एका हाताने दांडा धरून दुसऱ्याने सलाईन सांभाळायचे. पंचविशीत हे झेपते. पन्नाशीत कंबर बोलू लागते. कंत्राटी नेमणूक आणि रात्रपाळ्या यांमुळेही अनेक डॉक्टर काही वर्षांत दवाखाना थाटतात किंवा एमडी आयुर्वेदच्या प्रवेशपरीक्षेला बसतात. त्यात कमीपणा मुळीच नाही. गाडीवर कमावलेली निर्णयशक्ती खेड्यातल्या दवाखान्यात जीव वाचवते.

टिकायचेच असेल, तर गाडीवरून पुढे सरकण्याची वाट आधीच शोधावी : नियंत्रण कक्ष, नव्या डॉक्टरांचे प्रशिक्षण, रुग्णालयातला अपघात विभाग. सिम्बायोसिससारख्या संस्थेचा आपत्कालीन सेवेतला पदव्युत्तर डिप्लोमा इथे उपयोगी पडतो. मात्र इमर्जन्सी मेडिसिनमधील एमडी एमबीबीएसनंतरच करता येते, हे मुलीला आज स्पष्ट सांगावे.

सही करण्यापूर्वी कराराची मुदत, भविष्यनिर्वाह निधी, अपघात विमा आणि साप्ताहिक सुट्टी या बाबी लेखी मागून घ्याव्यात.